थंडीत मशरूमच्या खोलीतला एसी बर्फ धरतोय? आधी गॅस भरायचं थांबवा

प्रश्न: नमस्कार दादा, कोल्हापूरजवळ वडणग्यात घरामागं आमची पफ पॅनेलची (आत फोम भरलेल्या पत्र्याची) १२ बाय २० ची खोली आहे, उंची १० फूट. तयार कंपोस्टच्या बॅगा आणून बटण मशरूम घेतो. दीड टनाचा साधा स्प्लिट एसी आहे, इन्व्हर्टर नाही. दिवाळीपर्यंत झकास चालला. थंडी पडल्यापासून पहाटे बघावं तर आतल्या कॉइलवर बर्फाचा थर, हवा येईना, आणि बर्फ वितळला की पाणी बॅगांवर. मेकॅनिकनं गॅस कमी आहे म्हणून दोनदा भरला, चार दिवस बरं चाललं, परत तेच. एसी १६ च्या खाली जावा म्हणून त्यानंच आत काहीतरी जुगाड केलाय. गार हवा थेट बॅगांवर लागू नये म्हणून आम्ही एसीपुढं प्लॅस्टिक लावलंय. सासरे स्क्रू ड्रायव्हरनं बर्फ खरवडून काढतात. आता घरात सगळे म्हणतायत दोन टनाचा नवीन घ्या. घेऊ का? – एक ताई, वडणगे

उत्तर:

ताई, नको. दोन टनाचा घेतला तर बर्फ अजून लवकर धरेल आणि पैसे गेले ते वेगळंच. तुमचा एसी बिघडलेला नाही असं मला पत्र वाचूनच वाटतंय, कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय की दिवाळीपर्यंत झकास होता आणि बर्फ पहाटे दिसतो. दुपारी कधी बर्फ बघितलाय का? बघितला नसेल तर गॅसचा विषय जवळजवळ संपला. गॅस कमी असलेला एसी काय वेळ बघून बर्फ धरत नाही, तो दुपारी दोनलाही धरतो आणि खोली पण नीट गार करत नाही.

आता होतंय काय ते जरा नीट सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच सुचेल. घरगुती एसीची क्षमता मोजतात ती आत २७ डिग्री आणि बाहेर ३५ डिग्री धरून. म्हणजे तो बनवलाय एप्रिल-मे मधल्या माणसांसाठी. कॉइल नेहमी खोलीतल्या हवेपेक्षा साधारण १५ ते १८ डिग्री गार राहते, म्हणजे खोली २७ असेल तर कॉइल १० च्या आसपास, काही प्रॉब्लेम नाही, पाणी सुटतं आणि पाइपनं बाहेर जातं. तुमची खोली १६ वर आहे, आता १६ मधून १७ वजा करा. शून्याच्या खाली गेलात. त्यात खोलीत ८५-९० टक्के आर्द्रता, कारण मशरूमला ती लागतेच, मग ती वाफ कॉइलवर बसते आणि पाणी व्हायच्या ऐवजी बर्फ होते. खरं सांगायचं तर तुम्ही दिवसभर वाफ सोडणाऱ्या ह्युमिडिफायरमधे जे पाणी ओतताय तेच रात्री कॉइलवर गोठून बसतंय.

हे झालं आतलं. बाहेरचं अजून वाईट. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पहाटे पारा १४-१५ वर येतो, एखाद्या रात्री अजून खाली, आणि वडणगं म्हणजे पंचगंगेच्या काठाला, चारी बाजूला ऊस, तिथं गावठाणापेक्षा गारठा जास्तच. आउटडोअर युनिटचं काम गॅसमधली उष्णता बाहेर टाकायची, आणि बाहेरची हवा इतकी गार असली की ते काम गरजेपेक्षा जास्त चांगलं होतं, मग गॅसचा दाब पडतो. साध्या एसीत गॅस आत सोडायला कॅपिलरी असते, केसासारखी बारीक तांब्याची नळी, तिला काय अक्कल नसते, मागून दाब असेल तेवढाच गॅस ती पुढं सोडणार. उसाला पाणी सोडताना पाटात पाणी कमी असलं की पहिल्या चार सऱ्या भिजतात आणि शेवटच्या कोरड्या राहतात, तसंच कॉइलचं होतं, सुरुवातीच्या नळ्यांतच सगळा गॅस उकळून जातो, आतला दाब पडतो, त्या नळ्या शून्याखाली जातात आणि बर्फ तिथून सुरू होतो. बर्फ बसला की हवेची वाट बंद, हवा बंद झाली की कॉइल अजून गार, अजून बर्फ. रात्री दोनला पातळ पापुद्रा असतो तो पाचला जाड थर होतो तो असा.

तुमचा मेकॅनिक पहाटे किंवा सकाळी लवकर आला असणार, दाब मोजायचं गेज लावलं असणार, दाब कमी दिसला असणार, आणि म्हणाला असणार गॅस कमी आहे. त्याचा हेतू वाईट नसेल पण गार हवेत दाब कमीच दिसतो. तुमच्या एसीत आर-३२ असेल तर त्या गॅसला साधारण १०३ पीएसआय म्हणजे कॉइल बरोब्बर शून्य डिग्रीवर. उन्हाळ्यात हेच गेज १२०-१३० च्या पुढं दाखवतं. मग १०० च्या खाली काटा बघून कुणालाही वाटतं भरावा जरा. भरला की दाब थोडा वर येतो, त्यात एखादी ढगाळ उबदार रात्र आली की सगळे खूश, चार दिवसांनी गारठा वाढला की ये रे माझ्या मागल्या. आणि एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठंतरी लीक आहे, पाइप जोडलेल्या फ्लेअर नटापाशी तेलाचा डाग दिसेल, साबणाच्या फेसाला बुडबुडे येतील. लीक न शोधता जो गॅस भरतो त्याला परत बोलवू नका, एवढं मी स्पष्ट सांगतो.

आता त्या जुगाडाकडं येऊ. रिमोटवर १६ च्या खाली आकडा जात नाही म्हणून काही लोक रूम सेन्सर काढतात आणि त्या जागी एक रेझिस्टर टाकतात. बऱ्याच एसीत हा सेन्सर १० किलोओहमचा असतो, २५ डिग्रीला त्याचा रेझिस्टन्स १० किलोओहम असतो, मग तेवढाच रेझिस्टर लावला की मशीनला कायम वाटतं खोली २५ वर आहे. मग ते कशाला थांबतंय! खोली १३ झाली तरी कॉम्प्रेसर चालूच. आणि माझी खरी भीती वेगळीच आहे, कॉइलवर अजून एक सेन्सर असतो, तांब्याच्या बारीक खोबणीत खोचलेला, त्याचं कामच हे की कॉइल गोठायला लागली की कॉम्प्रेसर थांबवायचा आणि पंखा चालू ठेवून बर्फ जाऊ द्यायचा. तुमच्याकडं रोज रात्री थर बसतोय याचा अर्थ एकतर तो सेन्सर पण बायपास केलाय, किंवा सर्व्हिसिंग करताना खोबणीतून निसटून हवेत लोंबकळतोय. दुसरं फार कॉमन आहे. मेन स्विच बंद करून पुढचं कव्हर उघडायला लावा आणि दोन्ही सेन्सर जागेवर आहेत का स्वतः डोळ्यांनी बघा.

आणि मुळात १६ च्या खाली जायचंय कशाला? बटण मशरूमला बुरशी पसरायच्या काळात २२ ते २५ डिग्री लागतं आणि पीक निघायच्या काळात १४ ते १८. रिमोटवर १६ ठेवून, सेन्सर ओरिजिनल लावून, खोली १६-१७ ला राहिली तर पीक मस्त येतं. १३ वर नेऊन तुम्हाला जास्त मशरूम मिळणार नाही, उलट वाढ मंद होते आणि बिल वाढतं. तेव्हा तो रेझिस्टर आजच काढून टाकायला सांगा.

आता मुद्द्याचं. रात्री बाहेर फुकट १४-१५ डिग्रीची हवा असताना तुम्ही कॉम्प्रेसर चालवताय कशाला?

मशरूमला ताजी हवा तशीही लागतेच, पीक निघताना खोलीतला कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमच्या खाली ठेवावा लागतो, नाहीतर दांडे लांब आणि टोप्या बारक्या. त्यासाठी तासाला चार ते सहा वेळा खोलीतली हवा बदलायची असते. तुमची खोली १२ गुणिले २० गुणिले १०, म्हणजे २४०० घनफूट, म्हणजे मिनिटाला १६० ते २४० घनफूट हवा. फिल्टर लावला की पंख्याचा जोर कमी होतो म्हणून ३०० सीएफएमचा (म्हणजे मिनिटाला ३०० घनफूट हवा देणारा) पंखा घ्या, काय फार मोठं प्रकरण नाही. आता हीच हवा रात्री बाहेरून आत ढकलली की ताजी हवा पण मिळाली आणि खोली पण गार राहिली. पफ पॅनेलची खोली, रात्री बाहेर आतल्यापेक्षा गार, उष्णता तयार होतेय ती फक्त बॅगांमधली, आणि पीक निघायच्या काळात ती थोडीच असते. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅटचं मशीन त्यासाठी चालवायचं म्हणजे अतीच झालं.

पंखा आत ढकलणारा लावा, बाहेर ओढणारा नको. कारण बाहेर ओढणारा लावला की दाराच्या फटीतून, वायरीच्या भोकातून, जिथून मिळेल तिथून हवा आत येते आणि त्याच्याबरोबर माशा येतात. मशरूमवाल्यांना माशीचं काय ते मी सांगायला नको. आत येणाऱ्या तोंडाला आधी बारीक जाळी, मग फिल्टर, मग पंखा, आणि पुढं भोकं पाडलेली प्लॅस्टिकची लांब पिशवी छताखालनं पार टोकापर्यंत, म्हणजे हवा एकाच बॅगेवर आदळत नाही, सगळीकडं सारखी उतरते. समोरच्या भिंतीला वरच्या बाजूला जाळी लावलेली झडप, तिथनं जुनी हवा बाहेर. हे काम कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही शीटमेटलवाल्याकडं नेलं तर पंख्याचा बॉक्स तो करून देईल, पिशवीसाठी साधी पॉलिथिनची नळी मिळते. पंख्याला एक डिजिटल थर्मोस्टॅट जोडा, खोली १७ च्या वर गेली की पंखा चालू, १५ ला बंद, शिवाय ताज्या हवेसाठी टायमरनं अधूनमधून चालू. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की एसी बंद, सकाळी ऊन तापलं आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम झाली की एसी चालू. दुपारी आपल्याकडं थंडीतही २८-३० पर्यंत जातं, तेव्हा एसी लागणारच आणि तेव्हा तो बर्फ पण धरणार नाही. पंखा-एसी एकमेकांच्या अंगावर चालू राहणार नाहीत एवढं बघा.

आर्द्रतेचं मात्र लक्ष ठेवायला लागेल. बाहेरची १४ डिग्रीची हवा आत येऊन १६ ची झाली की तिची आर्द्रता उतरते, त्यामुळं ह्युमिडिफायर थोडा चालवावाच लागेल, पण आता पाणी बॅगांच्या कामाला येईल, कॉइलवर जाणार नाही. केसिंगची माती, म्हणजे कंपोस्टवर पसरलेला थर, बोटानं चाचपून बघा रोज सकाळी, वरचा थर कोरडा लागायला लागला तर पंख्याची हवा जास्त होतेय.

एसीपुढचं ते प्लॅस्टिक काढा. आज काढा. तुम्ही चांगल्या हेतूनं लावलंय हे कळतंय, पण गार हवा प्लॅस्टिकवर आपटून तिथंच परत वरती खेचली जाते, आणि कॉइलमधनं जी हवा जायला पाहिजे ती निम्मी पण जात नाही. हवा बॅगांवर लागते ना, मग फ्लॅप वर करा, हवा छताला घासून पुढं जाऊ दे. पहिला रॅक एसीपासून जरा लांब सरकवा. ह्युमिडिफायरची वाफ एसीच्या वरच्या तोंडात जात असेल तर त्याची जागा बदला, दुसऱ्या टोकाला न्या. आणि पंख्याचा स्पीड कायम हाय. ऑटो नको, स्लीप मोड नको, आणि ड्राय मोड तर अजिबात नको, बरेच जण आर्द्रता जास्त झाली म्हणून ड्राय लावतात, त्यात ब्लोअर मुद्दाम हळू फिरतो आणि अशा गार खोलीत कॉइल हमखास गोठते.

फिल्टर आठवड्याला धुवा. घरात महिन्यानं चालतं, मशरूमच्या खोलीत नाही, कंपोस्टची धूळ आणि बीजाणू दोन्ही त्यात अडकतात. बटण मशरूम टोपी उघडायच्या आत काढलं तर बीजाणू कमी उडतात. धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूमवाल्यांचे मात्र हाल असतात, त्यांच्या फिल्टरवर पांढरी भुकटीच बसते. फिल्टरमागची कॉइल पण टॉर्च मारून बघा, तिच्या पातळ पत्र्यांमधे, म्हणजे फिनमधे, राखाडी गाळ दिसला तर मेकॅनिककडून पाण्यानं धुवून घ्या. ड्रेन पाइपमधे शेवाळ-बुळबुळ साठतं, तिथनं पाणी परत येऊन पण बॅगांवर पडू शकतं, म्हणजे तुमचं सगळंच पाणी बर्फाचं असेल असं नाही.

सासऱ्यांना सांगा, हात जोडून सांगा, स्क्रू ड्रायव्हर नको. ते फिन म्हणजे कागदासारखा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मागं तांब्याची पातळ नळी, एकदा टोक घुसलं की कॉइल बाद, सगळा गॅस खोलीत. गरम पाणी पण ओतू नका, बाजूलाच सर्किट बोर्ड असतो. बर्फ दिसला की कूलिंग बंद करून फक्त पंखा मोड, हाय स्पीड, तास-दोन तासात आपोआप जातो, खाली बादली आणि एसीखालच्या बॅगांवर प्लॅस्टिक. बर्फ पूर्ण गेल्याशिवाय कूलिंग सुरू करायचं नाही. गोठलेल्या कॉइलमधे पातळ गॅसचं वायूत रूपांतर होत नाही, तो पातळ तसाच बाहेर कॉम्प्रेसरकडं जातो. बाहेरच्या युनिटला येणारा जाड पाइप पार कॉम्प्रेसरपर्यंत पांढरा झालेला दिसला तर समजा हेच चाललंय. कॉम्प्रेसर वायू दाबायला बनवलाय, पातळ पदार्थ दाबायला नाही, आत व्हॉल्व्ह तुटतात. तेव्हा मग खरंच नवीन एसी घ्यायला लागतो.

एवढं करूनही एखाद्या मोसमात धाकधूक वाटत असेल तर एक स्वस्त उपाय आहे. प्रोब असलेला डिजिटल टेम्परेचर कंट्रोलर घ्या, प्रोब कॉइलच्या फिनमधे, गॅस आत येतो त्या बाजूला खोचा, २ डिग्रीला कट आणि ८-१० ला परत चालू, मधे ५ मिनिटांचा डिले. तो जोडायचा आउटडोअरकडं जाणाऱ्या कॉम्प्रेसरच्या वायरीत, म्हणजे कॉम्प्रेसर थांबेल आणि आतला पंखा फिरत राहून बर्फ घालवेल. मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे जड करंट सोसणारा स्विच, पाहिजेच, कंट्रोलरमधला बारका रिले दीड टनाच्या कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा धक्का फार दिवस सोसत नाही, चिकटून बसतो, आणि चिकटला म्हणजे कायम चालू. इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. इन्व्हर्टर एसीवाल्या वाचकांनी हे करू नये, त्यांच्या बाहेरच्या बोर्डाला सप्लाय कायम लागतो.

काही जण थंडीत आउटडोअर युनिटला पोतं नाहीतर पुठ्ठा लावतात, दाब वर राहावा म्हणून. तत्त्व बरोबर आहे, पण सकाळी पोतं काढायचं राहिलं की दुपारी कॉम्प्रेसर तापून ट्रिप, मी तरी सांगणार नाही. ज्यांना रात्री एसी चालवायलाच लागतो, म्हणजे लाईटखाली केशर किंवा लेट्यूस घेणारे, त्यांनी आउटडोअरच्या पंख्याचा स्पीड कमी-जास्त करणारा कंट्रोल बसवून घ्यावा, बाहेर गार असलं की तो पंखा हळू फिरवतो. तुम्हाला गरज नाही, तुमची रात्र पंख्यावर भागेल.

पुढं खोली वाढवलीत आणि एसी घ्यायचाच झाला तर दोन टनाचा एक घेण्यापेक्षा एक-एक टनाचे दोन घ्या. थंडीत एकच चालवता येतो, एक बंद पडला तरी पीक वाचतं.

राहिलं ते दोनदा भरलेल्या गॅसचं. लीक नसताना भरलाय म्हणजे आता तुमच्या एसीत गॅस जास्त आहे, थंडीत ते कळणार नाही, मार्चमधे कळेल, दुपारी दाब चढून मशीन ट्रिप व्हायला लागेल. म्हणून फेब्रुवारी संपायच्या आत एखाद्या दुपारी मेकॅनिक बोलवा, गॅस पूर्ण काढायला लावा, व्हॅक्यूम करून आउटडोअरच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच वजनकाट्यावर मोजून भरायला सांगा. गेज बघून अंदाजानं नाही, काट्यावरच. ज्याच्याकडं काटा नाही त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि आर-३२ हा पेट घेऊ शकणारा गॅस आहे, काम चालू असताना खोलीचं दार उघडं ठेवा, आसपास बिडी-काडी कुणी ओढायची नाही.